माणसं मोजू नयेत

बस माझ्यासमोर वळली, फाटकातून बाहेर पडली आणि डोंगराच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्याला लागली. मी हात वर केला नाही. करायला हवा होता, ओरडायलाही हवं होतं, पण हातात फिजोआ नावाच्या फळांची पिशवी होती आणि घशात आवाज तयार व्हायला उशीर झाला. माझ्या वयाला सगळंच जरा उशिरा तयार होतं. मागच्या काचेतून कुणाचं तरी पांढरं डोकं दिसलं, ते पुढे बघत होतं. मग झाडं आली आणि बस दिसेनाशी झाली. नुसता आवाज थोडा वेळ राहिला. मला पहिल्यांदा आलं ते हसू. ऑकलंडच्या मराठी ज्येष्ठ मंडळाची सहल, आणि मंडळ मला विसरून निघून गेलं. मनात आलं, बायकोला, मृदुलाला सांगितलं तर ती पोट धरून हसेल. सांगायला ती नाही, हे दुसऱ्या क्षणी आलं. रोज असंच होतं. पहिला क्षण तिचा असतो आणि दुसरा माझा.

खिशात फोन होता. चांगला चार्ज केलेला, कारण श्रुतीनं, माझ्या मुलीनं, सकाळी सहलीला सोडताना तपासला होता. सहल नेणाऱ्या बाळासाहेबांचा नंबर त्यात होता. दाबला असता तर दहा मिनिटांत बस परत आली असती, बाळासाहेबांनी छातीला हात लावून माफी मागितली असती, बायकांनी 'अगंबाई' केलं असतं, आणि घरापर्यंत माझ्या विसरलं जाण्याची गंमत चालली असती. मी फोन बाहेर काढला, बघितला आणि परत खिशात ठेवला. हे का केलं ते मला तेव्हाच नीट कळलं होतं, नंतर शोधून काढलेलं कारण नाही. मला बघायचं होतं. कुणी न सांगता, कुणी आठवण न करून देता, त्या बसमधल्या एका तरी माणसाला देवदत्त सरपोतदार नावाचा माणूस बसमध्ये नाही हे कळतं का, एवढंच बघायचं होतं. पोरकट होतं. लहान मूल पलंगाखाली लपून बसतं आणि कुणी शोधायला येतंय का ते ऐकत राहतं, तसं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पलंगाखाली शिरता येत नाही, म्हणून मी पडक्या मठात शिरलो.

मठ म्हणजे आपल्याकडचा नव्हे. फ्रान्सहून आलेल्या ख्रिस्ती जोगिणींनी दीड शतकापूर्वी इथे दगडी घर बांधलं, शाळा चालवली, मग आग लागली, मग त्या गेल्या. आता चार भिंती उभ्या आहेत, त्यातली एक निम्मी. वर छप्पर नाही, आत गवत, आणि खिडक्यांच्या टोकदार कमानींतून पलीकडच्या गाई दिसतात. सकाळी बसमध्ये बाळासाहेबांनी माइक हातात घेऊन सांगितलं होतं, 'आज आपण बघणार आहोत जुनी बाजाराची गावं आणि ऐतिहासिक अवशेष.' आणि मग स्वतःच म्हणाले होते, 'ऐतिहासिक म्हणजे किती, तर आमच्या वाईतल्या गल्लीतला नळ याहून जुना आहे.' सगळे हसले. मीही हसलो. पण भिंत बघितल्यावर मला हसू आलं नाही. मी जन्मभर बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होतो. सरकारी विश्रामगृहं, शाळा, पूल, धान्याची गोदामं यांचे नकाशे काढले. भिंत दिसली की मला ती कागदावर दिसते, जाडी, पाया, आतला भराव. ही भिंत मनापासून बांधलेली होती. उत्तरेकडच्या कोपऱ्यात दगड असे बसवले होते की आग लागून, छप्पर कोसळून, इतकी वर्षं पाऊस खाऊनसुद्धा ओळंबा सुटलेला नव्हता. मी तेच बघायला मागच्या बाजूला गेलो होतो. तिथे जोगिणींच्या थडग्यांची एक ओळ आहे, बुटकी, सगळी सारखी. मी त्या ओळीच्या टोकाशी उभा होतो तेव्हा बाळासाहेबांची शिट्टी वाजली. पहिली शिट्टी. आमच्या सहलीत पहिल्या शिट्टीला कुणी हलत नाही, कारण दोन-चारजण नेहमी टॉयलेटच्या रांगेत असतात. दुसरी शिट्टी वाजलीच नाही, किंवा वाजली ती वाऱ्यानं दुसरीकडे नेली.

आणि बाळासाहेब माणसं मोजत नाहीत. हे सांगितल्याशिवाय मी मागे कसा राहिलो ते कळायचं नाही. त्यांच्या आईनं त्यांना लहानपणी शिकवलं होतं, टोपलीतल्या भाकरी मोजू नयेत, झाडावरची फळं मोजू नयेत, आणि घरातली माणसं तर मुळीच मोजू नयेत, नजर लागते. बाळासाहेब पेनरोजमध्ये एका कारखान्यात सुपरवायझर होते, जन्मभर खोकी मोजली, पण माणसं मोजायला त्यांची जीभ रेटत नाही. म्हणून त्यांनी स्वतःची युक्ती काढली आहे. बस निघण्याआधी पुढे उभे राहतात आणि ओरडतात, 'आपापली जोडी बघा! आहे का शेजारी?' आणि सगळी बस म्हणते, 'आहे, आहे.' नवरे बायकांकडे बघतात, बायका नवऱ्यांकडे. कुणी चावटपणे म्हणतो, 'आहे, पण बदलून मिळेल का?' दर वेळी तोच विनोद, दर वेळी तेच हसू. मग ड्रायव्हर आरशात बघून विचारतो, 'ऑल हिअर?' आणि बाळासाहेब म्हणतात, 'ऑल हिअर, ब्रदर.' इतकी वर्षं यात कुणी हरवलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी रोटोरुआला गेलो होतो तेव्हा मृदुला माझ्या शेजारी होती. जोडी बघा म्हटल्यावर तिनं माझी बाही धरून वर केली होती, वर्गात दुसऱ्याचा हात वर करावा तशी, आणि मोठ्यानं म्हणाली होती, 'आहोत, आम्ही दोघं आहोत!' मला ओशाळल्यासारखं झालं. तिला कधी कुठे ओशाळायला झालं नाही. लग्नात, बारशात, डॉक्टरकडे, विमानतळावर, सगळीकडे आमच्या दोघांचं तीच बोलायची. मी मागे उभा राहायचो, कागद सांभाळत. त्यामुळे माझं असं झालं की मी कुठे हजर आहे हे मी स्वतः कधी सांगितलंच नाही. ते सांगितलं जायचं. गेल्या जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, ती गेली, ऑकलंडमधल्या आमच्या पापाटोएटोत, थंडीच्या एका आठवड्यात, न्यूमोनियानं. श्रुती स्वतः नर्स आहे, तिनं काही कमी ठेवलं नाही. त्यानंतर या पहिल्या सहलीसाठी बाळासाहेबांचा फोन आला, 'येताय ना देवदत्तराव?' तेव्हा माझ्या तोंडून निघालं, 'हो, येतोय आम्ही.' मग ते समजुतीनं म्हणाले, 'बरं, बरं, या.' त्यांनी ते दुरुस्त केलं नाही, मीही केलं नाही.

आज सकाळी बसमध्ये दोनच्या सीटवर मी खिडकीशी बसलो. शेजारी उर्मिलाताईंनी, बाळासाहेबांच्या पत्नीनं, कागदी ताटल्यांचं खोकं आणि चहाचा मोठा थर्मास आणून ठेवला. 'तुमच्याकडे जागा आहेच,' त्या म्हणाल्या. त्यात काही वावगं नव्हतं, जागा होतीच. वळणावर थर्मास कलंडायचा, तर मी वाटभर त्याला हातानं धरून बसलो. थेम्स नावाच्या गावी उतरलो, शनिवारचा बाजार होता. जुन्या लाकडी दुकानांच्या पुढे टेबलं मांडलेली, मध, हातानं विणलेली टोपरी, जुन्या चमच्यांचे ढीग, फिजोआच्या पिशव्या. एप्रिलमध्ये इथे फिजोआ इतके होतात की लोक वैतागतात. मला ते फळ आवडत नाही. पेरू आणि साबण यांच्या मधली काहीतरी चव आहे ती. मृदुलाला आवडायचं, अर्धं कापून चमच्यानं खायची. मी मोठी पिशवी घेतली. विकणारी माओरी बाई 'किया ओरा', म्हणजे नमस्कार, म्हणाली आणि विचारलं, घरी खूप माणसं आहेत वाटतं. मी म्हणालो, यस. पुढे पाएरोआ गावी जुन्या वस्तूंची दुकानं बघितली. सगळे जोडीजोडीनं आत जात होते आणि एकमेकांना काहीतरी दाखवत होते. 'अहो, हा बघा आपल्याकडचा पितळी डबा!' मलाही एक कंदील दिसला, अगदी आमच्या शिरवळच्या घरातला. मी तो उचलला, वळून दाखवायला गेलो, आणि परत ठेवला. दाखवायला कुणी नसलं की वस्तू बघून संपत नाही, तशीच हातात राहते.

मठात जेवण झालं. मंडळाची एक सोलापुरी सतरंजी आहे, लाल-निळ्या पट्ट्यांची, लांबरुंद, मंडळ सुरू झालं तेव्हा कुणीतरी सामानाच्या कंटेनरमधून आणलेली. ती गवतावर पसरली, पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड. ताटल्या संपल्या, थर्मास रिकामा झाला, तेव्हा ते सामान बसच्या पोटात ठेवलं गेलं. म्हणजे माझ्या शेजारची सीट रिकामी झाली, आणि मी भिंतीमागे असल्यामुळे माझीही. मी आता हे सगळं चित्र नीट काढू शकत होतो. जोडीतला एक नसला तर दुसरा ओरडतो. पण दोन्ही सीट रिकाम्या असल्या तर ती नुसती रिकामी सीट असते, तिच्याकडे बघून कुणाला काय कळणार. मला राग यायला हवा होता आणि तो येईना. वाईट वाटत होतं, सरळ वाईट.

मी सतरंजीवर जाऊन बसलो. हो, सतरंजीही राहिली होती. भिंतीच्या सावलीत, घडी अर्धवट घातलेली. एकाला वाटलं दुसरा उचलेल, दुसऱ्याला वाटलं पहिला. तिच्यावर श्रीखंडाचा एक थेंब सांडला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या. मी त्या झटकल्या. एक छोटा पंखा पक्षी, शेपटी पंख्यासारखी उघडमीट करणारा, माझ्या भोवती नाचायला लागला. मी उठून चार पावलं टाकली की तोही मागे मागे. मला बरं वाटलं, आणि लगेच आठवलं, श्रुतीनं सांगितलं होतं, 'बाबा, तो तुमच्यासाठी येत नाही, तुमच्या पायानं गवतातून किडे उडतात ना, त्यांच्यासाठी येतो.' या मुलीला सगळं माहीत असतं आणि ती ते सांगून टाकते. तरी मी त्याच्यासाठी उगाच दोनदा गवतातून फिरलो.

कान रस्त्याकडे होते. एक गाडी आली, थांबेलसं वाटलं, गेली. दुधाचा टँकर गेला. आमच्या नकाशांत इमारतीच्या शेजारी एक माणूस काढायची पद्धत होती, उंची कळावी म्हणून. त्याला नाक-डोळे नसत. मी असे शेकडो काढले असतील, हाताच्या एका झटक्यात. आता या उंच भिंतीपाशी मी तसा उभा होतो, आणि नकाशा बघणारं कुणी नव्हतं. मला विचार सुचायला लागले ते चांगले नव्हते. समजा संध्याकाळपर्यंत कळलंच नाही. बस पापाटोएटोला पोचेल, जोड्या उतरतील, 'मजा आली' म्हणतील. श्रुती मला न्यायला गाडी घेऊन येईल आणि सगळे उतरल्यावरही वाट बघत उभी राहील. ती तशी उभी राहिलेली दिसली आणि माझा सगळा हट्ट ढिला पडला. मी खिशात हात घातला, तोच फोन वाजला.

कळलं, कुणालातरी कळलं! पडद्यावर नात होती, ऋग्वेदा.

'आजोबा, हॅव यू सीन माय टॉग्ज?'

पोहायचे कपडे. ती चौदा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, बोलते इंग्रजी. मी म्हणालो, 'मागच्या दोरीवर आहेत. काल मीच वाळत घातले. टॉवेलच्या खाली बघ.'

'ओह, स्वीट ॲज,' म्हणजे झकास. 'आर यू हॅविंग फन?'

'हो.'

'हीप्स?'

'हीप्स,' मी म्हणालो. म्हणजे भरपूर.

'व्हाय इज इट सो क्वाएट? व्हेअर्स एव्हरीवन?'

इथे सांगता आलं असतं. पोरीनं विचारलं होतं, बरोबर तेच विचारलं होतं. पण ती घाबरली असती, आईला कामावर फोन केला असता. मी म्हणालो, 'सगळे जरा पलीकडे आहेत.' 'ओके, लव्ह यू,' म्हणून तिनं फोन ठेवला. त्या घरात दोरीवर काय आहे ते मला माहीत असतं, आणि हवं ते सापडलं नाही की मला शोधतात, हेही काही कमी नाही. मी स्वतःला असं सांगितलं. पण मला पाहिजे होतं ते वेगळं होतं. काही हवं नसताना कुणी मान वळवून बघावी आणि म्हणावं, अरे, हे कुठे गेले?

डोंगराआड ऊन गेलं तशी थंडी दगडातून वर आली. मी सतरंजीची नीट घडी घातली. एकट्यानं एवढी सतरंजी घडी करणं सोपं नाही, एक टोक हनुवटीखाली धरावं लागतं. खांद्यावर टाकली. ठरवलं, आता बाळासाहेबांना फोन करायचा, झाला तेवढा खेळ पुरे. आणि तेवढ्यात झाडांमागून बस आली.

बस परत आली होती. खरंच आली होती. मला एकदम रडू फुटेल असं वाटलं, डोळे भरले सुद्धा. दीडशे वर्षांच्या त्या भिंतीपासून फाटकापर्यंत मी जवळजवळ पळत आलो, खांद्यावर सतरंजी, हातात फिजोआंची पिशवी. काय बोलायचं तेही ठरत होतं. 'अहो, काही नाही, बरं वाटलं मला इथे,' असं म्हणायचं, त्यांना फार लाजवायचं नाही. बस थांबली, पुढचं आणि मधलं अशी दोन्ही दारं उघडली. मधल्या दारातून दोघंतिघं पाय मोकळे करायला उतरले. त्यांच्या हातात आइस्क्रीमचे कोन होते. पुढच्या दाराच्या पायरीवर बसून बाळासाहेब जँडल, म्हणजे रबरी चपला, पायात अडकवत होते. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे, मग सतरंजीकडे, आणि त्यांचा चेहरा फुलला.

'वा, देवदत्तराव! मी जँडल घालेपर्यंत तुम्ही उतरून घेऊनसुद्धा आलात? या वयात काय चपळाई आहे हो!' आणि आत वळून म्हणाले, 'मिळाली ग, मिळाली! तिथेच होती!'

उर्मिलाताई दारात आल्या. 'देवच पावला,' त्या म्हणाल्या, 'पुढच्या गावातल्या डेअरीवर आइस्क्रीम घेताना माझ्या लक्षात आलं, सतरंजी कुठाय? म्हटलं, काही होवो, परत फिरवा बस. किती वर्षांची आहे ती, अशी टाकून कशी जायची?' त्यांनी माझ्या खांद्यावरून ती अलगद काढून घेतली आणि हात फिरवून बघितली. 'तुम्ही नाही घेतलं वाटतं आइस्क्रीम? गोड चालत नाही का?'

मी मधल्या दारानं चढलो आणि माझ्या सीटवर जाऊन बसलो. काच गार होती. पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून सांगितलं की डेअरीवाला, म्हणजे तो कोपऱ्यावरचा दुकानदार, गुजराती निघाला, काय योगायोग बघा. मी मान हलवली. काहीच झालं नव्हतं. मी राहिलो नव्हतो, मला कुणी विसरलं नव्हतं, मी फक्त एक चपळ म्हातारा होतो ज्यानं सतरंजी आणून दिली. मी गप्प बसलो असतो तर ते तसंच राहिलं असतं, आणि ते सोपं होतं. थोडं मोठेपणाचंही होतं. शेजारच्या रिकाम्या जागेवर मी फिजोआंची पिशवी ठेवली, ती वळणावर पडेल म्हणून हात धरला. सकाळी थर्मासला धरला होता तसाच.

बाळासाहेबांनी पुढे उभं राहून शिट्टी वाजवली. 'चला, आपापली जोडी बघा! आहे का शेजारी?'

'आहे, आहे,' बस म्हणाली. कुणीतरी तो विनोद केला.

'ऑल हिअर?' ड्रायव्हरनं आरशातून विचारलं.

'ऑल...'

'थांबा,' मी म्हणालो. आवाज मोठा आला, मलाच दचकायला झालं. मी उठून उभा राहिलो होतो. 'बाळासाहेब, मोजा.'

'काय मोजू?'

'माणसं. एक एक करून.'

ते हसले. 'देवदत्तराव, माझी आई सांगायची...'

'माहीत आहे मला. तरी मोजा. मी आत्ता उतरलो नव्हतो. मी इथेच राहिलो होतो, मघापासून. तुम्ही सतरंजीसाठी परत आलात.'

बाळासाहेबांचं तोंड उघडं राहिलं. उर्मिलाताईंनी मांडीवरच्या सतरंजीकडे बघितलं आणि ती शेजारी सरकवून ठेवली. कुणीतरी 'अगंबाई' म्हणालं, पण हळू. 'फोन का केला नाहीत' असं मला कोणी विचारलं नाही, ते एक बरं झालं. बाळासाहेब पहिल्या सीटपाशी आले. त्यांचं बोट वर झालं. देवाची क्षमा मागावी तसं काहीतरी ते पुटपुटले आणि मोजायला लागले. सवयीनं दोन-दोन मोजत होते, नवरा-बायको, नवरा-बायको, बोट एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर. मोजलं गेलेलं प्रत्येक जोडपं सरसावून बसत होतं. ते माझ्या सीटपाशी पोचले. बोट माझ्यावर आलं, मग सवयीनं शेजारी गेलं, पिशवीवर, आणि तिथेच अडकलं. त्यांना पुढे जाता येईना आणि मागेही येता येईना. त्यांचे डोळे भरून आले होते. मृदुला असती तर तिनं माझी बाही धरून वर केली असती.

मी स्वतःच हात वर केला.

'एक,' मी म्हणालो.